मी सन, व्हिएतनाम

पाय बोलतायत, पण झोप येत नाहीये. सकाळी आई आणि मी होई आन गावाहून ‘मी सन’ला गेलो. ("मी सन, तर तू मून," हा आईचा विनोद दिवसभर पुरला.)

डोंगरांच्या कुशीत चंपा या इथल्या जुन्या राज्याच्या राजांची शंकराची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकातली. तांबड्या विटा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की मध्ये चुना दिसतच नाही. मी फटीत नख घालून पाहायला गेले, तर रखवालदाराने हटकलं. बरोबरच आहे त्याचं.

देवळांजवळच गवताने भरलेला गोल खड्डा. आईला वाटलं, आटलेली पुष्करणी. तो अमेरिकन बॉम्बचा निघाला. १९६९ च्या हल्ल्यात इथलं सर्वांत उंच देऊळ गेलं. युनेस्कोच्या यादीत नाव आलं ते १९९९ मध्ये.

आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं इथे डागडुजी करत होती. २०२० मध्ये त्यांनाच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. हे सांगितल्यावर आई जी सुटली! एका पडक्या गाभाऱ्यापाशी चपला काढल्या, विटा तव्यासारख्या तापलेल्या, तरी उभी. मग पर्समधून पाण्याची बाटली काढून थेट पिंडीकडे. मी हात धरला.

हॉटेलवर येईपर्यंत बोलली नाही माझ्याशी.