चपलांचे पैसे वेगळे

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं पूर्ण नाव घेणारा माणूस एकतर वनखात्यातला असतो, नाहीतर वर्तमानपत्रातला. बाकी आम्ही सगळे ‘नॅशनल पार्क’ म्हणून मोकळे होतो. 104 चौरस किलोमीटरचं रान, त्यात विहार आणि तुळशी हे दोन तलाव, आदिवासी पाडे, बिबटे. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की हायवे, रिक्षा, हॉर्न. दोन्हींच्या मध्ये एक तिकीटखिडकी तेवढी.

सकाळी आत शिरणाऱ्यांत दोन जाती असतात. पहिली रोजच्या फिरणाऱ्यांची. यांचं वळायचं ठिकाण ठरलेलं असतं. तिथल्या झाडाला किंवा खांबाला हात लावायचा आणि माघारी फिरायचं. हात लागला नाही तर फेरी धरत नाहीत. रक्तातली साखर आणि सोसायटीचा पुनर्विकास हे दोन विषय जाऊन-येऊन पुरतात. दुसरी जात कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना निघालेल्यांची. लेणी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत, म्हणून ही मंडळी बस धरतात, नाहीतर भाड्याची सायकल घेतात. पायी निघणारे थोडे, आणि त्यांच्याकडे बसच्या खिडकीतून जरा कीव केल्यासारखंच बघितलं जातं. माझं मत विचाराल तर जाताना चालावं आणि येताना बस धरावी. बसने येणाऱ्यांच्या अंगात लेण्यांपाशी उतरेपर्यंत रान शिरलेलंच नसतं. त्यांना पोचल्या पोचल्या भूक लागते.

रस्ता डांबरी आहे, त्यात इतिहास शोधायला जाऊ नये. पण झाडी दाट आहे, अधूनमधून दहिसर नदीचं पात्र दिसतं, आणि कडेला कारवी उभी असते. वर्षानुवर्षं हे झुडूप लक्ष वेधून घेण्यासारखं काही म्हणून करत नाही. मग आठव्या वर्षी पावसाळा सरताना सगळा डोंगर जांभळा होतो आणि माणसं कॅमेरे घेऊन धावतात. 2016 साली फुलली, 2024 साली फुलली. फुलून, बी धरून ती मरते. मधल्या वर्षांत तिची आठवण फक्त तिच्या काठ्यांचे कूड घालणाऱ्यांना असते.

लेण्यांपाशी पोचलं की गर्दी सरळ तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जाते. तिथलं मोठं चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचं प्रार्थनागृह, गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात करवून घेतलं. आत 34 खांब, टोकाला स्तूप, ओसरीच्या दोन्ही अंगांना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध. बघण्यासारखं आहेच, प्रश्न नाही. पण निम्मे लोक तिथे फोटो काढतात, ‘झालं कान्हेरी’ म्हणतात आणि परत फिरतात. शंभराहून जास्त लेण्यांपैकी त्यांनी पाहिलेली असतात दोन-तीन.

माझं कान्हेरी त्याच्यापुढे सुरू होतं, जिथून खडकात कोरलेल्या पायऱ्या वर चढतात.

या पायऱ्या कुणा ठेकेदाराच्या मापाच्या नाहीत. एक वीतभर उंच, पुढची तिच्या दीडपट. कुठे दोन्ही पावलं आरामात मावतात, कुठे टाच बाहेर लोंबकळते. डोंगर जिथे सौम्य आहे तिथे पायऱ्याच नाहीत, नुसत्या पाऊल टेकवायला खोबण्या. मधोमध झीज झालेली असते आणि कडेला वाळलेल्या शेवाळाचा काळा थर. नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. पावसाळ्यात हाच थर हिरवा होतो आणि मग भल्याभल्यांची चाल एकदम नम्र होते. वर चढताना आपण आपोआप पुढच्या माणसाच्या टाचेकडे बघत राहतो आणि त्याने जिथे पाय दिला तिथेच आपला देतो. झीज मधोमध का आहे, हे असं चार पायऱ्यांत समजतं.

हा रस्ता तयार करणारे लोक सहलीला आलेले नव्हते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षू राहत होते. सोपारा, कल्याण, ठाणे ही बंदरं आणि बाजारपेठा चालत जाण्याच्या टप्प्यात. रानाचा एकांत हवा आणि भिक्षेला गावही हवं, अशी ही नेमकी जागा. पायऱ्या रोजच्या कामाच्या आहेत. पाणी आणायला, शेजारच्या लेण्यात जायला, अंधारात उठून बाहेर पडायला. इथल्या शिलालेखांत दान म्हणून अख्खी लेणी तर आहेतच, पण पाण्याची टाकी आहेत, बसायचे बाक आहेत, चक्क वाटही आहे. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, कल्याणचा लोहार आहे. चैत्यगृह देणाऱ्याला नाव मिळालं हे ठीकच. वाट देणाऱ्याचं मला जास्त कौतुक वाटतं, कारण तिच्यावर पाय देताना आजवर कुणी मान वर करून ‘वा!’ म्हटलेलं नाही.

त्याहून लाडका माझा माणूस म्हणजे कल्याणचा अपरेणू. 81 क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या दानाचा लेख आहे, यज्ञश्री सातकर्णीच्याच कारकिर्दीतला. लेणं दिलं, वर 200 कार्षापणांची (त्या काळची नाणी) कायम ठेव ठेवली आणि मंगलथान गावातलं एक शेत लावून दिलं. हे मंगलथान म्हणजे आजचं मागाठाणे, असं अभ्यासक मानतात. बेस्टचा डेपो, मेट्रोचं स्टेशन आणि संध्याकाळी न हलणारी वाहनं, तेच ते मागाठाणे. या उत्पन्नातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूला चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, 16 कार्षापण द्यायचे आणि पायताणाचे पैसे वेगळे.

पायताणाचे वेगळे! दगडावर कोरून ठेवलेल्या मजकुरात, जिथे एकेक अक्षर छिन्नीने काढायचं, तिथे चपलांची सोय विसरलेली नाही. धर्मासाठी पैसा देणारे पुष्कळ असतात; आपल्या पैशातून ज्याला राहायचं आहे त्याच्या पायाला काय होईल, इतका पुढचा विचार करणारा विरळा. हा गृहस्थ स्वतः आषाढात या पायऱ्या चढून आला असणार आणि दोनदा तरी घसरला असणार, असा माझा दाट संशय आहे. आपल्या ऑफिसांत प्रवासभत्ता असतो, महागाईभत्ता असतो, पण पायताणभत्ता अजून कुठल्या युनियनने मागितल्याचं ऐकलेलं नाही.

त्या काळच्या वहाणांचा तळ कशाचा होता कोण जाणे. आज इथे येणारे ट्रेकिंगचे बूट घालून येतात, तळव्याला खाचा, घोट्याला आधार, हातात काठी. ते एकेक पायरी जपून उतरत असतात आणि बाजूने पाड्यावरची पोरं रबरी स्लिपरांत फटक फटक करत खाली पळत जातात.

पायऱ्यांच्या शेजारून खडकात चार बोटं रुंदीची पन्हळ दिसते. ती सुटली असेल तर परत जाऊन शोधा, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. पन्हळ लेण्याच्या कपाळावरून फिरते, छपरावरचं पाणी गोळा करते आणि ओसरीच्या कडेला असलेल्या टाक्यात आणून सोडते. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने आभाळ हात वर करतं. डोंगरावर राहायचं तर त्या चार महिन्यांतच वर्षाची बेगमी करायची. म्हणून बहुतेक लेण्यांना आपापलं टाकं आहे, आणि वाटही पाण्याच्या कलाने जाते: जिथून पाणी वाहणार ती जागा पायऱ्यांनी सोडलेली असते. ज्याने हे आखलं त्याने आधी एक पूर्ण पावसाळा नुसता बसून बघितला असावा. पुढे शहराला पाणी कमी पडलं तेव्हा इंग्रजांनाही याच डोंगररांगेत यावं लागलं. 1860 साली विहारचं पाणी मुंबईला मिळालं, 1879 साली तुळशीचा तलाव झाला. पाऊस तोच, डोंगर तेच. टाकं तेवढं मोठं झालं.

वर वर जावं तशी माणसं विरळ होतात आणि भिंतींवरची बाणाची हृदयंही. खाली मात्र ती पुष्कळ आहेत, अमुक प्लस तमुक, तारखेसकट. राग येतो. पण याच डोंगरावर 90 क्रमांकाच्या लेण्यात 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत, आणि ती बघायला अभ्यासक लांबून येतात. तेव्हा भिक्षूंची वस्ती सरत आली होती. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही माणसं इथे नुसतं बघायला येत होती आणि नाव लिहिल्याशिवाय त्यांना परतवत नव्हतं. यावरून आजच्या प्रेमवीरांना मी माफ करीन असं मात्र नाही. त्या लोकांनी निदान अक्षर चांगलं काढलं होतं.

उतरताना माकडं भेटतात. त्यांना पिशवी कुठली आणि पर्स कुठली, यातला फरक समजतो. परवा एकाने पायरीवर ठेवलेली सरबताची बाटली उचलली, मांडीत धरली, झाकण बरोबर उलट्या बाजूने पिळलं, दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि बाटली शेजारच्या टाक्यात टाकून दिली. तिथला पहारेकरी शिव्या देत लांब काठी घेऊन आला. टाक्याच्या चौकोनी तोंडाशी तो पालथा पडून बाटली काठाशी ओढत होता आणि माकड वरच्या पायरीवर बसून ते काम नीट होतंय ना, हे बघत होतं.

“माणसानं टाकली असती तर दंडच केला असता,” बाटली हाताला लागल्यावर तो कपडे झटकत म्हणाला. “ह्याची पावती आता कुणाच्या नावानं फाडू, ताई?”