आमची वाटचाल : लग्नपत्रिका ते पेवातला आवाज

आमचा छापखाना सांगलीच्या गावभागात. वडिलांनी ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई मशीनवर, सुरू केला तेव्हा कामं ठरलेली असायची: लग्नपत्रिका, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं. माझ्या काळात ऑफसेट आलं, कामं तीच राहिली. पुढे पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या, अडत्यांची बिलं कॉम्प्युटरवर निघू लागली. त्यात ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. मशीन पाण्यात, कागदाच्या रिमा फुगून पावासारख्या. एवढंच सांगतो, पुराची कहाणी सांगलीत घरटी एक आहे.

नंतर एक जुनं सिंगल कलर मशीन घेतलं. ते निम्मा आठवडा झाकूनच असायचं. धाकटी चित्रकला शिकून घरी आलेली. ती म्हणाली, "बाबा, ग्राफिक नॉव्हेल काढू. भयकथेचं." मी म्हटलं, "म्हणजे कॉमिक्सच की." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आधी आम्ही एका जुन्या लेखकाच्या कथेवर डोळा ठेवून होतो. पण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, आणि वारसांनी पत्राला उत्तरच दिलं नाही. मग शेजारच्या निवृत्त सरांची एक कथा आठवली, दिवाळी अंकात आलेली, चौदा पानांची. सर म्हणाले, "ती अंकाला दिली होती ना." हक्क लेखी लिहून दिल्याशिवाय जात नाहीत, आणि सरांनी तसं काही लिहून दिलं नव्हतं. आम्ही मात्र त्यांच्याकडून रूपांतराचा करार स्टॅम्पपेपरवर करून घेतला. शेजारी असले म्हणून काय झालं.

कथा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खाली रुंद. तोंड उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, ती निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच निकामी झाली. सरांच्या कथेत एक हमाल पेवात उतरतो, पाट्या भरून "ओढा" म्हणत वर पाठवतो, शेवटी स्वतः वर येतो. तो वर उभा असताना खालून त्याच्याच आवाजात हाक येते: "ओढा."

वाचताना अंगावर काटा येतो. चित्रात आणायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की सरांची निम्मी वाक्यं आता आमच्या वाटेत आहेत. "आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार होता" हे वाक्य लिहून वर अंधारही काढला, की दोन्ही फुकट. धाकटी कापत सुटली. सर रोज संध्याकाळी येऊन कापलेली वाक्यं परत मागायचे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथं मराठी नाटक उभं केलं त्या गावात संवाद कापणं सोपं नाही हो! शेवटी तह झाला: संवादाच्या एका फुग्यात फार तर पंधरा शब्द, आणि पेवाच्या आत निवेदन शून्य.

फुगे हे वेगळंच प्रकरण. देवनागरीला वर वेलांटी-रफार, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. म्हणून आमचे फुगे इंग्रजी कॉमिक्सपेक्षा उंच. आणि खालून येणाऱ्या "ओढा"ला तोंडच नाही, मग फुग्याची शेपटी कुणाकडे वळवायची? तिनं ती सरळ पेवाच्या तोंडातून खाली सोडली, काळ्यात विरत गेलेली. ते पान पाहून सर पहिल्यांदा गप्प बसले.

घोळ माझ्याकडून झाला. डेमी आकार, ९६ पानं, सोळा पानांचे सहा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं), हिशोब चोख. डमी चाळताना धाकटी ओरडली. पेवातलं मोठं चित्र ६१ वर पडलं होतं. ६१ म्हणजे उजवं पान. वाचक ६० उघडतो तेव्हाच कडेनं ते दिसून जातं, भीती तिथंच संपली. ते पान उलटल्यावरच दिसायला हवं, म्हणजे डाव्या हाताला, सम आकड्यावर. तीस वर्षं छपाई करतोय, पण पान उलटणं हा कथेचा भाग असतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. कथेतल्या बाजाराच्या दोन पानांची तीन केली, चित्र ६२ वर गेलं, आणि शेवटाकडचं एक पान छाटलं. (ते सरांचं सगळ्यात आवडतं होतं.)

मग छपाई. लेझरच्या प्रुफावर काळा झकास दिसत होता. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकाच्या साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर, पहिला फर्मा चालवला तर कागद शाई पिऊन बसला. आमचे मशीनमन गॉगल कपाळावर चढवून म्हणाले, "मालक, ह्यो काळा न्हाई, ही राख हाय." शाई वाढवली तर पावसाळी हवेत वाळेना, खालच्या कागदाची शाई वरच्याच्या पाठीला लागायला लागली. आर्ट पेपर परवडणारा नव्हता, आणि त्याच्या चकाकीत अंधार तरी कसला दिसणार? उपाय मशीनमननीच सांगितला: आधी फिकट निळा, त्यावर काळा. म्हणजे फर्म्याला दोनाच्या जागी चार फेऱ्या, सहा फर्म्यांच्या चोवीस. थप्प्या लहान ठेवायच्या, मध्ये पावडर मारायची, एक रात्र वाळू द्यायचं. ५०० प्रतींना जो वेळ गेला त्यात मी एका सीझनच्या पत्रिका काढल्या असत्या.

त्यातून एक गंमत सुचली. पान ६२ वर, जिथं पेवात 'तो' बसलाय, तेवढ्या आकारात धाकटीनं निळा वगळला. वर काळा सगळीकडे सारखाच. समोरून बघितलं तर पान नुसतं काळं. उजेडात तिरकं धरलं की जरा फिका काळा एक आकार दिसतो, गुडघे पोटाशी घेतलेला.

पुस्तक निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी मिरजेहून एका गृहस्थांचा फोन. "तुमचं पान ६२ खराब छापलंय, शाई सांडलीय, प्रत बदलून द्या." मी म्हटलं, "ट्यूबखाली तिरकं धरून बघा, नाही पटलं तर बदलून देतो." रात्री साडेदहाला परत फोन आला.

"दिसलं," ते म्हणाले. "पण प्रत तेवढी परत घ्या. घरात लहान मुलं आहेत."

घेतली.