नाव बदललं तर चालेल का?

मंगळवार, रात्र

पुण्याहून आल्यापासून ह्यांचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. लिहून काढलं तर निदान झोप तरी लागेल म्हणून बसलेय. हे झोपलेत. गोळी घेतली का म्हणून पुन्हा विचारलं, तर जरा चिडूनच दिवा बंद केला.

आम्ही घेतोय ती कॅम्परव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जिथे बांधतात त्या यार्डात सगळं बघून झाल्यावर तिथल्या मुलाने एक्स्टेंडेड वॉरंटीचे दोन कागद पुढे ठेवले. एक चासीचा, म्हणजे इंजिन आणि खालचा सांगाडा, तो गाडीच्या कंपनीचा. दुसरा बॉडीचा, म्हणजे मागे जे घर बांधलंय त्याचा: फ्रीज, छतावरचा एसी, इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, पाण्याचा पंप, गिझर, बाहेर ओढायचं ते छप्पर. बॉडीला मूळची एक वर्षाची वॉरंटी आहे. वरची तीन वर्षं हवी असतील तर ५८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ६८,४४०. मला वाटलं, आता हे त्या लेकराची परीक्षा घेणार. उभी हयात चिकलठाण्याच्या वर्कशॉपात एसटीच्या बॉड्या बांधलेला माणूस. आमच्या घरातला मिक्सर कधी दुकानात गेला नाही. पण ह्यांनी कशाला वॉरंटी आहे, कशाला नाही, हेसुद्धा विचारलं नाही. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली तर ही पुढे चालते का?"

"चालते की काका. एकदा ट्रान्सफर होते. तीस दिवसांत कळवायचं फक्त."

"बरं," म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवले.

दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या? शिरूरला चहाला थांबलो तेव्हा विचारायचं होतं. नगर गेलं, नेवासा फाटा गेला, कायगाव टोक्याचा पूल आला, तरी तोंडातून शब्द निघाला नाही. हे मात्र पुलावरून गोदावरीला हात जोडून, यंदा पाणी किती आहे ते बघत होते.

संध्याकाळी ते दोन्ही कागद मी बारीक अक्षरांसकट वाचले. मी वाचते ते ह्यांना माहीत आहे, म्हणूनच टेबलावर ठेवले असतील. काय मिळतं ते अर्ध्या पानात, काय मिळत नाही ते अडीच पानांत. क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग, रबरी भाग, बल्ब, हे झिजणारं म्हणून बाहेर. टायरची वॉरंटी टायरवाल्याची. उंदराने वायर कुरतडली तर नाही, आणि आमच्या गल्लीतले उंदीर सगळ्यांना ठाऊक आहेत. सर्व्हिसिंगची तारीख चुकली की पुढचा दावा गेला. बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला की गेला. म्हणजे गाडी ह्यांच्या दारात उभी, आणि ह्यांनीच पाना लावला तर वॉरंटी रद्द. थोरल्याला वाटतंय विमा काढलाच आहे तर हे कशाला. त्याला समजावलं की झाड पडलं, चोरी झाली, कुणी ठोकलं तर विमा. चालता चालता आतून बिघडलं तर वॉरंटी. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

पण माझं बोट थांबलं ते एका ओळीवर. छताचे जोड, खिडक्यांचं बिडिंग म्हणजे कडेची पट्टी, सीलंट म्हणजे जोडात भरलेली लुकण, आणि त्यातून झिरपलेल्या पाण्याने झालेलं नुकसान वगळून.

यार्डात ह्यांनी पहिलं काम तेच केलं होतं. एसटीत नवी बॉडी बाहेर पडायच्या आधी तिच्यावर चहूबाजूंनी पाणी सोडून बघतात, शॉवर टेस्ट म्हणतात. यार्डात तसली सोय नव्हती, मग ह्यांनी बागेचा पाइप मागून घेतला. पोरं नको नको म्हणत असताना स्वतः शिडीवरून वर गेले. मला आत टॉर्च घेऊन बसवलं. वरून आवाज यायचा, "बघ, व्हेंटपाशी? कोपऱ्यात?" मी एकेक जोड बघत होते. बराच वेळ काही नाही. मग एसीसाठी छत कापलंय त्या चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात प्लायवर एक ओलसर डाग दिसला. आधी नखाएवढा, मग पसरत पसरत तळहाताएवढा झाला, आणि त्याच्या मधोमध एक थेंब जमून लोंबकळायला लागला. मी ओरडले. हे खाली उतरले, ओलं बोट त्या जागेवर फिरवलं आणि त्या मुलाला जरासुद्धा आवाज न चढवता म्हणाले, "बाळा, मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळिसाच्या घरात जातो. पत्रा दिवसभर तापणार, रात्री आक्रसणार. हे सीलंट पहिल्याच उन्हाळ्यात सोडणार. जोड उघड, जुनं खरवडून काढ, मग नवं भर." मुलाने वहीत लिहून घेतलं. माणूस चांगला आहे तो, खोटं वाटत नाही.

मग ६८,४४० कशाचे? ज्याने ही गाडी खरोखर खराब होऊ शकते ते पाणी, आणि तेच नेमकं बाहेर. उरलेल्या बहुतेक वस्तूंना त्यांच्या त्यांच्या कंपनीची वॉरंटी आहेच. शिवाय हा बॉडीचा कागद त्या यार्डाचा. चार वर्षांनी यार्ड असेल का, तो मुलगा तिथे असेल का, कोण सांगणार? आणि असलं तरी दर वेळी गाडी घेऊन पुण्याला जायचं. धाकटी म्हणते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत. ती वकील आहे, ती बरोबरच सांगत असणार. पण छत गळत असताना मला निकाल नको, छत नीट करणारा माणूस हवा. तो घरात आहे. तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत आणि लागतील तसे काढावेत.

चासीचं तसं नाही. आताच्या इंजिनात ह्यांच्या वेळच्यासारखं काही राहिलं नाही, हे ह्यांनीच कबूल केलं. इंजेक्टर, सेन्सर, ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. लॅपटॉप जोडल्याशिवाय बिघाड काय ते कळत नाही. एकेका सुट्या भागाची किंमत ऐकली तर छातीत धस्स होतं. आणि कंपनीचं वर्कशॉप इथेही आहे, नांदेडलाही असेल, इंदूरलाही असेल. रस्त्यात बंद पडली तर दुसऱ्या राज्यातही तो कागद चालतो. तो घ्यावा. इथपर्यंत मला काही अडचण नाही.

अडचण त्या वाक्याची आहे.

विकायचा विचार आहे का? प्लॉट विकून आलेले पैसे गाडीत घातले म्हणून जाऊबाई बोलल्या ते मनाला लागलं असेल का? "तेवढ्यात गावाकडं चार खोल्या झाल्या असत्या," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, तेव्हा हे काहीच बोलले नव्हते. की डॉक्टरांनी मला बाहेर बसवून काही सांगितलं? मार्चमधलं ते सगळं अजून डोळ्यांसमोर आलं की हात गार पडतात. त्याच्याविषयी आज लिहायचं नाही.

खरं सांगायचं तर मला रडू येतंय. लग्न झाल्यापासून मी एसटीच्या पासवर फिरले. माहेर, लग्नकार्यं, तुळजापूर, बाळंतपणाला जाणंसुद्धा. लेकरू मांडीवर, पिशवी पायात, आणि बाजूच्या सीटवर कुणीतरी अनोळखी. बस ह्यांच्या हातची, पण हे कधी शेजारी नाहीत. आषाढीच्या आधी गाड्या बाहेर काढायच्या म्हणून ओव्हरटाइम, दिवाळीच्या आधी म्हणून ओव्हरटाइम. रिटायर झालो की फिरू. मग सासूबाईंचं आजारपण, मग धाकटीचं लग्न. आता कुठे औंढा, परळी, घृष्णेश्वर करून नर्मदेकडे जायचं ठरलं, कपाटात कुठे काय ठेवायचं ते मी रात्ररात्र जागून मनात लावून ठेवलं, तर पहिल्याच दिवशी गाडी दुसऱ्याच्या नावावर जायची भाषा. माझ्या वाट्याला काही आलं की ते पुरतं हातात यायच्या आधीच सुटायला लागतं, असं का होतं?

त्यात थोरल्याचा फोन. त्याला काही माहीत नव्हतं, त्याने सहज सांगितलं, "आई, आता आरसीवर नॉमिनीचं नाव टाकता येतं. २०२१ मध्ये नियम बदललाय. बाबांना सांग, रजिस्ट्रेशनच्या वेळीच टाकून घ्या, नंतर वारसाचे कागद गोळा करत बसावं लागत नाही." बरं म्हणून फोन ठेवला. सगळ्यांना एकदम नंतरचंच कसं सुचतंय?

मग ह्यांची वही उघडली. कागद परत घडी करून त्यात ठेवायचे होते एवढंच. यार्डात हे सारखं काही ना काही टिपून घेत होते, मला वाटलं मापं असतील. मापं नव्हती. पानभर गाडीचं चित्र, वरून बघितल्यासारखं, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "मागच्या दाराच्या उजव्या हाताला खाली लाल स्विच. काही जळल्याचा वास आला तर आधी हा बंद." पुढच्या पानावर: "पंप चालू पण पाणी येत नाही, तर टाकी रिकामी असेल. आधी टाकी बघायची, घाबरायचं नाही." फ्यूजच्या डब्याचं चित्र, प्रत्येक खणापुढे नाव. गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, तिथे बाण काढलेला. ज्या माणसाला अंधारात हात लावून नट ओळखता येतो, त्याला हे कशाला लिहून ठेवायला लागेल? आणि एवढ्या मोठ्या अक्षरात? चष्मा लावूनही बारीक वाचताना डोळे ताणावे लागतात अशी घरात मी एकटीच आहे.

मग मी पुष्कळ वेळ नुसतीच बसून राहिले.

ह्यांना आत जाऊन उठवावं आणि विचारावं असं वाटत होतं, आता वाटत नाही. जे विचारणार होते त्याचं उत्तर त्या वहीत आहे. ते बोलणार नाहीत, मलाही ते ऐकायचं नाही. ह्यांनी काळजी केली ती ह्यांच्या पद्धतीने, मोटारीच्या भाषेत. रागवायचं कुणावर? बाईमाणूस म्हणून सगळं डोळे झाकून सोपवून जातात असे नवरे मी बघितलेत. आमच्या गल्लीतच बघितलेत. बँकेचं पासबुक कुठे आहे हेसुद्धा बाईला माहीत नसतं. हे तसे नाहीत, कधीच नव्हते.

पण मग माझंही एक म्हणणं आहे. गाडीचं रजिस्ट्रेशन अजून व्हायचंय, पक्कं बिलसुद्धा फाटलेलं नाही. मग ती आधी ह्यांच्या नावावर आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच्या नावावर, हे सगळं कशाला? पहिल्यापासून माझ्याच नावावर करा की. प्लॉटवर दोघांची नावं होती, पैसे दोघांचे. वॅगनआर मी आजही बाजारात नेते, माझं लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटारीचं आहे, आणि ते ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतं. ही तर भरून चार-साडेचार टनांच्या वर जाणार नाही. लांब आहे, उंच आहे, मागचं दिसत नाही, हे खरं. मग शिकवा. जालना रोडवर नको, पहाटे पैठणच्या रस्त्याला घेऊन चला, नाथसागरापर्यंत मी चालवते. नॉमिनीच्या रकान्यात ह्यांचं नाव राहील. थोरल्याला तेच सांगणार आहे.

उद्या अकराला यार्ड उघडतं. फोन मी करणार. चासीची वॉरंटी घ्या, बॉडीची नको. बिलावर नाव माझं. एसीच्या चौकटीचा मागचा कोपरा उघडून नव्याने भरायचा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी पुन्हा एकदा छतावर पाणी मारायचं. टॉर्च घेऊन आत मी बसेन, पण शिडीवर ह्यांना चढवायचं नाही. पाइप त्या पोरांपैकी कुणीतरी धरावा.