माझे वडील वडील होते

चौथीत असताना मास्तरांनी ‘माझे वडील’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी पहिलीच ओळ लिहिली, ‘माझे वडील वडील आहेत.’ मास्तरांनी दुसऱ्या ‘वडील’वर लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘द्विरुक्ती’. वही घरी दाखवली तर बाबा हसले, आजोबांना मात्र राग आला. ‘त्याले काय माहीत,’ म्हणाले, ‘तुह्या आज्याच्या वेळी तर वडिलाचा बाप बी वडील होता.’

बाबा एरवी शेतकरी. चार एकर वावर, एक बैलजोडी, पऱ्हाटी आणि तूर. पण रविवारी ते मंडळीचे वडील असत. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची बावीस घरं आणि एक देऊळ. हो, म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. चर्च हा शब्द टीव्हीनंतर आला. मंडळी म्हणजे या देवळात जमणारे आम्ही सगळे. त्या शब्दाचाही घोटाळा होताच. एसटीत कोणी बाबांना विचारलं, ‘काय, मंडळी कशी आहे?’ की बाबा म्हणत, ‘चांगली आहे, सत्तर-ऐंशी जण येतात.’ विचारणाऱ्यानं बायकोची चौकशी केलेली असायची.

प्रेस्बिटेरियन हा शब्द आमच्या गावात धड कोणालाच उच्चारता येत नाही. मला त्याचा अर्थ पुष्कळ उशिरा कळला. ग्रीकमध्ये ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वयानं मोठा, वडील. म्हणजे आमचा पंथ सरळ मराठीत ‘वडीलवाल्यां’चा. वरून कोणी नेमलेला माणूस नको. मंडळीनं आपल्यातूनच निवडलेले वडील आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, यांनी एकत्र बसून कारभार बघायचा, एवढीच मूळ गोष्ट. त्या बसण्याला सेशन म्हणतात. बाबा ‘शेशन’ म्हणत. महिन्यातून एकदा पांढरा सदरा घालून ते निघाले की शेजारचा काका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ओरडायचा, ‘कोणती केस हाये गा?’ शेशन म्हटलं की त्याला वर्ध्याचं कोर्टच आठवे.

केस होतीच म्हणा, पण फार जुनी. स्कॉटलंडात तेव्हा गावचा जमीनदार पाळक नेमायचा आणि लोकांनी त्याला मुकाट मान द्यायचा. १८४३ साली साडेचारशेहून जास्त पाळक पगार, घरं, देवळं सोडून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी फ्री चर्च काढली. त्याच फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, भोगलेल्या माणसाला हे भांडण समजावून सांगावं लागत नाही. आजोबा म्हणत, ‘मालगुजारानं पाळक नेमला तर त्यो प्रार्थना कोनासाठी करन?’

हिस्लॉप साहेबाची आमच्या घरातली ओळख नागपुरातल्या त्याच्या नावाच्या कॉलेजवरून नव्हती, नाल्यावरून होती. साहेबाला दगडांचं वेड. टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला आणि परतताना भरलेल्या नाल्यात घोड्यावरून वाहून गेला, ४ सप्टेंबर १८६३ रोजी. टाकळघाट आमच्यापासून फार लांब नाही आणि नाला आमच्या गावालाही आहे. पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीत प्रार्थनासभा असली आणि पाणी चढलेलं दिसलं, की आजी बाबांची वाट अडवायची. ‘सायेबाजवळ तं घोडा व्हता. तुह्याजवळ काय हाये, सायकल?’

आमचा आठवडा शनिवारी संध्याकाळी सुरू होतो. ज्या घराची पाळी असेल तिथल्या बाया देवळाची फरशी पुसतात, पोट्टे बाकं सरळ करतात आणि लगेच त्यांच्यावर उभं राहून कोळिष्टकं काढतात. पेटीवाले काका भात्यावर हात ठेवून दोन गाणी बसवून घेतात. पेटीचा एक सूर कित्येक वर्षं वाजत नाही. पुढे झालं असं, की त्या सुराच्या जागी सगळी मंडळी किंचित थांबून गाते. बाहेरगावहून आलेला पाहुणा त्या जागी एकटाच पुढे निघून जातो आणि चुकल्यासारखा इकडेतिकडे बघतो. ‘उपासना संगीत’ सगळ्यांच्या हातात असतं, पण उघडतं कोणी नाही. गाण्याचा नंबर सांगितला की शब्द तोंडात येतात. नारायण वामन टिळकांची गाणी ज्यांना पाठ आहेत, त्यातल्या निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं तेव्हापासून ती पाठ आहेत.

घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पहिली घंटा नऊला, दुसरी साडेनऊला. पण कापूस वेचणीला आला की सगळा हिशोब बदलतो. मग उपासना सकाळी सातला, कारण आठला वावरात पोचायचं असतं. त्यात आमच्या गावचा बाजार रविवारचाच. त्यामुळे बाकांखाली रिकाम्या पिशव्या घडी करून ठेवलेल्या असतात. पाळकसाहेबांना चार गावं सांभाळायची, ते मोटारसायकलवर दर दुसऱ्या रविवारी येतात. चांगला माणूस, पण उपदेश लांबवतात. तीन मुद्दे सांगतो म्हणतात आणि तिसऱ्याच्या पोटात पुन्हा तीन निघतात. तेवढ्यात मागच्या बाकाखालून एक पिशवी सरसर वाजते. दुसरी वाजते. पाळकसाहेब हुशार आहेत, तिसरी वाजायच्या आत ते ‘शेवटी’ हा शब्द उच्चारतात.

ते नसतात त्या रविवारी उपासना वडील चालवतात. आणि तेव्हा भाषेची गंमत असते. दिवसभर वऱ्हाडीत बोलणारा माणूस डोळे मिटले की छापील होतो. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे अयोग्य सेवक तुझ्या चरणी लीन होतो.’ बाबासुद्धा असेच बोलत. मला लहानपणी वाटायचं, देवाला वऱ्हाडी कळत नसेल. त्याला अपवाद एकच, कोपऱ्यातली एक म्हातारी. सगळे तिला मोठीमाय म्हणतात. तिची प्रार्थना अशी: ‘बापा, सोयाबीन सुकून रायलं. आता काहून थांबला? पाड ना.’ आमच्याकडे ठेच लागली तरी माणूस ‘अरे बापा’ म्हणतो, तसाच तिचा तो ‘बापा’ असतो. मग ‘आमेन’ सगळ्यात मोठ्यानं तिच्या प्रार्थनेला निघतं.

अर्पणाची थैली मरून मखमलीची, लाकडी दांड्याची. गाणं चालू असताना वडील ती बाकांवरून फिरवतात. दान कोणी किती टाकलं ते दिसू नये म्हणून थैली खोल असते. पण नाणं टाकलं की नोट, हे कानाला कळतंच. उपासनेनंतर दोघा वडिलांनी टेबलावर मोजायचं, वहीत लिहायचं आणि दोघांनी सही करायची. एकट्यानं कधीच मोजायचं नाही. बाबा मला शेजारी बसवत. नाण्यांच्या थप्प्या मी लावायचो, नोटा ते उघडायचे. मोठीमायची नोट लगेच ओळखू यायची: पदराच्या गाठीत आठवडाभर राहिलेली, आठ घड्यांची, सुपारीएवढी झालेली. ‘घाई करू नको, घडीवर फाटते,’ म्हणत बाबा ती एकेक घडी सोडवायचे आणि मग टेबलावर ठेवून तळहातानं इस्त्री करायचे. आता तरुण संघानं दाराजवळ मोबाईलनं स्कॅन करायचा चौकोन चिकटवला आहे. सोय आहे, मी नाव ठेवत नाही. पण त्या पैशाला घडी नसते.

बुधवारी महिलांची सभा, शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना. यात सांगण्यासारखं चहा सोडून फारसं नाही. ज्यांच्याकडे दूध नसतं त्यांच्या घरी सभा असली की शेजारणी सभेच्या आधीच वाटीभर दूध मागच्या दारानं पोचवतात, एवढंच.

वडिलांचं खरं काम रविवारी दिसतच नाही. पूर्वी स्कॉटलंडात प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधी वडील घरोघर जाऊन चौकशी करायचे आणि पात्र माणसाला शिशाचा एक बिल्ला द्यायचे. तो दाखवल्याशिवाय मेजाजवळ बसता येत नसे. आमच्याकडे बिल्ला नव्हता, पण चौकशी होती. प्रत्येक वडिलाकडे चार-पाच घरं वाटून दिलेली. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्याआधीच्या आठवड्यात बाबा आपल्या घरांत जाऊन खाटेवर बसत. विश्वासाबिश्वासाचं काही विचारत नसत. बैल खातो का, पोराची फी भरली का, आणि उठता उठता, ‘भावाशी बोलता ना?’

एका वर्षी दोन भाऊ धुऱ्यावरून भांडले. नांगर हातभर इकडे आला की तिकडे, असलाच वाद. आमच्याकडे कोर्टात निम्मे खटले अशा हातभर जमिनीचेच असतात. वितुष्ट घेऊन मेजाजवळ यायचं नाही हा नियम दोघांनाही माहीत. शनिवारी रात्री बाबा कंदील घेऊन या घरून त्या घरी तीनदा गेले. मी पाठीमागे. काय बोलले ते मला आठवत नाही, मी झोपाळलो होतो. रविवारी दोघे आले, पण एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले, मध्ये बायकापोरं.

प्रेस्बिटेरियन रीतीत उठून पुढे जायचं नसतं. लोक जागेवरच बसतात. वडील भाकरीची ताटली आणि रसाच्या छोट्या पेल्यांचा तबक बाकाच्या टोकाला देतात आणि पुढे ते हातोहात जातं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला द्यायचं. बाबांनी ताटली थोरल्याच्या टोकाला दिली. आणि मग मधल्या बायकापोरांनी काय केलं, तर घेतलं आणि उठून मागच्या बाकावर जाऊन बसली. एकामागून एक. आधी धाकट्याची बायको, मग थोरल्याची, मग पोरं. कोणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. बाक मोकळा झाला. थोरला ताटली हातात घेऊन बसलेला, धाकटा चार हात लांब. देवळात पंखा नव्हता तेव्हा, पण पंखा असता तर त्याचाच आवाज आला असता. शेवटी थोरला बाकावरून सरकत सरकत गेला आणि ताटली धाकट्यापुढे धरली. धाकट्यानं तुकडा घेतला. धुरा मात्र त्यानंतरही दोन वर्षं मोजणीत होता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून उत्तर भारताची मंडळी झाली. आमची मंडळी तिच्यात गेली. आजोबा तेव्हा वडील होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं, ‘आता आपल्याले बी बिशप भेटला.’ थोडं थांबून म्हणाले, ‘माणूस चांगला असन. पण वडील कोण निवडन, थे इचारलं पायजे.’ कागदावर पुढे कमिटी आली, सेक्रेटरी आला, खजिनदार आला. गावात मात्र आजही वडीलच म्हणतात. आता त्यात दोन बायाही आहेत. स्कॉटलंडच्या चर्चनं १९६६ मध्ये बायांना वडील केलं, आम्हाला थोडा उशीर झाला, पण केलं. त्यांना हाक काय मारायची हा पेच पडला होता. कोणी ‘वडीलबाई’ म्हणून बघितलं, त्या दोघींनीच हसून नको म्हटलं.

कापणीच्या सणाला लोक पहिलं फळ आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. बाबा लिलाव पुकारायचे, तेव्हा त्यांचा आवाज थेट बाजार समितीतल्या अडत्यासारखा व्हायचा. मोठीमाय दरवर्षी एक कोहळं आणते. मागल्या वर्षी ते दीडशेला गेलं. घेणाऱ्यानं ते परत दान केलं, पुन्हा पुकारलं, दोनशेला गेलं, पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा ते तिनंच वीस रुपयांना घेतलं. ‘माह्या घरचं हाये, मले माहीत हाये त्याची किंमत,’ म्हणाली. त्याच्या वड्या घालून तिनं पुढच्या रविवारी वाटल्या.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मंडळीनं मला निवडलं. बेचाळीस वर्षांचा मी, केस बरेच काळे. पहिलंच काम प्रभुभोजनाचा रस. आम्ही मनुका उकळून, कुस्करून, फडक्यानं गाळून करतो. मे महिना होता. शनिवारी संध्याकाळी केला आणि पातेलं ओट्यावर तसंच राहिलं. आमच्याकडे मेमध्ये रात्रीही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. सकाळी वर बारीक फेस दिसला, मी गाळला, साखर घातली आणि कोणाला बोललो नाही. तबक फिरला. एकेकाच्या चेहऱ्यावर किंचित आठी येत गेली, पण कोणी काही म्हणालं नाही. पवित्र वस्तूला कोण नाव ठेवणार.

बाहेर पडताना मोठीमायनं मला दाराशी गाठलं. ऐंशीच्या पुढची बाई, लहानपणी तिनं मला न्हाऊ घातलंय. पदर सावरून हात जोडले आणि हळूच म्हणाली,

‘वडील, रस आंबला व्हता. पुढल्या खेपेले सकाळीच करत जा.’