दोन रेघांची काठी

शनिवार, रात्री साडेदहा

व्हॉलीबॉलचा सराव संपला तशा आम्ही सगळ्या बॅगांकडे पळालो. पाणी प्यायला मागे वळले तर ताई एकटीच नेटच्या दोऱ्या सोडत होती. रोज तीच सोडते. दोन सीझन झाले, आणि मला ते आज दिसलं.

ताई आमची कोच, पण कागदावर कुणीच नाही. शेवटच्या वर्षाला आहे, तिचं प्रोजेक्ट आणि परीक्षा डोक्यावर आहेतच. मानधन नाही, प्रमाणपत्रावर नाव नाही. संघाचा फोटो निघतो तेव्हा ती कॅमेऱ्यामागे असते. आधी ती याच संघातून खेळायची. नव्या मुली खूप आल्या आणि शिकवायला कुणी नव्हतं, तेव्हा तिने स्वतःची जागा सोडली आणि शिट्टी गळ्यात घातली.

मला तिने लिबेरो, म्हणजे फक्त बचावाची खेळाडू, केलं त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते. वेगळ्या रंगाची जर्सी, खेळायचं फक्त मागच्या रांगेत, ब्लॉक करायचा नाही, नेटच्या वरून स्मॅश मारायचा नाही. उंची कमी म्हणून मला बाजूला काढलं असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने मला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "१९९८ पासून मोठ्या स्पर्धांमध्ये ही जागा आहे. बचाव भक्कम व्हावा, रॅली लांबावी म्हणून आणली. तू उचललास तरच पुढच्या मुली मारणार."

माझी खरी अडचण होती फ्लोट सर्व्हिस. त्या बॉलला फिरकी नसते, त्यामुळे तो हवेत डगमगतो आणि शेवटच्या क्षणी कुठेही वळतो. मी हात पुढे करून त्याच्यामागे धावायचे आणि बॉल मनगटावरून बाहेर उडायचा. सगळे म्हणायचे, हात सरळ ठेव. ताईने माझे हात बघितलेच नाहीत. महिनाभर ती सरावानंतर थांबायची, एंड लाइनच्या मागून एकामागून एक फ्लोट टाकायची आणि एकच शब्द बोलायची, "पाय." बॉल नेट ओलांडेपर्यंत पाय जागेवर येऊन थांबले नसतील, तर पास सुंदर गेला तरी ती मान हलवायची. तिचा उजवा तळवा लाल व्हायचा. मग ती तो क्षणभर पँटवर घासायची आणि पुढचा बॉल उचलायची. शेवटी एकदा मला बॉल मोठा, सावकाश दिसला. हात आपोआप त्याच्याखाली गेले. ती काही बोलली नाही, फक्त दोन पावलं मागे गेली आणि अजून जोरात सर्व्हिस मारली.

आता ते लिहायचं, जे लिहायला नको वाटतंय. मागच्या सीझनला पाचव्या सेटमध्ये आम्ही १३–१५ हरलो. शेवटचा पास माझा फसला होता. तिने खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झटकून सगळ्यांसमोर म्हणाले, "तू काय खरी कोच आहेस का?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आली. वहीत माझ्या नावापुढे लिहिलं होतं: पाय बरोबर होते, नजर लवकर हटली. त्या प्रसंगाचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

आज दोऱ्या सोडायला बसले आणि माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "किती दिवस ते मनात ठेवून खेळलीस गं?" आणि माझ्या हातातली दोरी घेऊन ती कशी गुंडाळायची ते दाखवलं, म्हणजे उद्या गाठ बसत नाही.

नंतर तिने तिची काठी दिली. तीवर दोन रेघा आहेत, २.२४ मीटर आणि त्याच्या वर दोन सेंटिमीटरवर दुसरी. नेट मधोमध पहिल्या रेघेला हवं. दोन्ही साइडलाइनवर उंची सारखी आणि दुसऱ्या रेघेच्या वर नाही. ती हे रोज तीन ठिकाणी मोजायची, आम्ही वॉर्मअप करत असताना.

काठी आता माझ्या कपाटाला टेकून उभी आहे. सोमवारी साडेपाचला पोचायचंय, ती यायच्या आत.