काटा हिरव्यात आणि तेल ताकासारखं

"तुमची ट्रॉली परत घेऊन जा, रात्र रात्र चालवतोय तरी तेल जसंच्या तसं." भोसरीच्या एका प्रेस शॉपमधून फोन, मेंटेनन्सचे साहेब जाम तापलेले. ट्रॉली म्हणजे हायड्रॉलिक तेल गाळायची, चाकांवर ढकलत न्यायची, मोटरला जोडलेला गियर पंप, पुढे फिल्टरचा बाऊल (आत गाळणीचं बदलता येणारं नळकांडं, म्हणजे एलिमेंट) आणि दोन होजपाइप, एक सक्शनचा एक डिलिव्हरीचा. बॅरलमधलं नवीन तेल टाकीत भरायलाही हीच वापरायला हवी खरं तर, कारण सीलबंद बॅरल म्हणजे स्वच्छ तेल असं बऱ्याच जणांना वाटतं पण प्रपोर्शनल व्हॉल्व्हला, म्हणजे तेलाचा प्रवाह बारकाईने कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हला, लागतं तेवढं स्वच्छ ते बहुतेक वेळा नसतंच. आपल्या डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक काही दिसत नाही, व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांडीची, म्हणजे स्पूलची, फट त्याहून कितीतरी कमी, त्यामुळे "दिसायला तर क्लिअर आहे की" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

इथे मात्र दिसायलाही क्लिअर नव्हतं. प्रेसच्या टाकीची लेव्हल ग्लास बघितली तर आत सरळ ताक. म्हणजे पाणी. तरी खात्री म्हणून टूलरूममधली हॉट प्लेट 130 डिग्रीच्या आसपास तापवली आणि वर तेलाचे दोन थेंब सोडले, लगेच तडतड तडतड, कोरडं तेल असं आवाज करत नाही, गपचूप पसरतं.

आता हिशोब बघा. टाकी 1200 लिटरची, पंप मिनिटाला 60 लिटरचा, म्हणजे 20 मिनिटात एक राउंड. पण गाळलेलं तेल परत त्याच घाण तेलात पडतं ना, म्हणून निदान सात राउंड तरी धरायचे, ते झाले सव्वादोन-अडीच तास. हे लोक रात्रभर चालवत होते, आणि आम्ही दिलेला एलिमेंट पाणी शोषणारा होता, मग थोडा तरी फरक पडायला नको?

ट्रॉली चालू करून बघितली. पहिलं रोटेशन, कारण प्रत्येक शॉपमधला थ्री फेजचा बोर्ड आपापल्या मर्जीने वायरिंग केलेला असतो, दोन फेज उलटसुलट झाले की पंप उलटा फिरतो आणि लोक तासभर सक्शनच का घेत नाही म्हणून होज झटकत बसतात. इथे ते बरोबर होतं. सक्शनला एअर नाही, तेलावर फेस नाही, आवाज मऊ. फिल्टरवरच्या डिफरन्शियल गेजचा (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक दाखवतो, चोक झाला की लाल) काटा हिरव्यात, जवळजवळ शून्यावर. साहेब म्हणाले, "बघा, फिल्टर पण चोक नाही."

तिथेच मला खटकलं. 68 नंबरचं जाडसर तेल, तेही पाणी प्यालेलं, आणि काटा हलतसुद्धा नाही? अगदी कोरा एलिमेंट टाकला तरी काटा थोडा उचलतोच. गेज खराब असेल किंवा बायपास (एलिमेंट टाळून तेल जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल असं धरून पंप बंद केला, प्रेशर सोडलं आणि बाऊल खोलला. आत निव्वळ तेल. एलिमेंटच नाही! म्हणजे इतके दिवस तेल टाकीतून निघून परत टाकीत जात होतं, फुकटची सैर.

नाईट शिफ्टचे फिटर मामा अजून घरी गेले नव्हते. विचारलं, "मामा, एलिमेंट कुठंय?"

"रॅकवर हाय की. दोन-तीन तासात काटा लाल व्हायचा, नवा टाकावा तर रात्री स्टोअरला कुलूप. आन सकाळी हे विचारणार ट्रॉली बंद का. मंग काढून ठेवला. तवापासून मस्त चालतीय."

मामांवर साहेब ओरडायला लागले पण मला काय मामांची फार चूक वाटली नाही. ट्रॉली चालू आहे का एवढंच जर रोज विचारलं जात असेल तर माणूस ट्रॉली चालू ठेवणार. आणि खरी बातमी मामांच्याच बोलण्यात होती, दोन-तीन तासात एलिमेंट भरतो म्हणजे त्याने काम केलंय, पाणीच कुठून तरी येतंय.

मी विचारलं ताक सगळ्यात जास्त कधी दिसतं, मामा म्हणाले शुक्रवारी सकाळी. गुरुवार यांचा वीकली ऑफ. प्रेस बंद, पण टूलरूमच्या एका मशीनसाठी पाणी थंड करून फिरवणाऱ्या कूलिंग टॉवरचा पंप चालूच. मग कोडं सुटल्यातच जमा. प्रेसच्या ऑइल कूलरमध्ये ट्यूबमधून टॉवरचं पाणी आणि बाहेरच्या शेलमध्ये तेल असतं, ट्यूब लीक असली की प्रेस चालू असताना तेलाचं प्रेशर जास्त, तेल पाण्यात जातं, आणि प्रेस बंद झाला की उलटं, टॉवरचं पाणी तेलात. टॉवरच्या बेसिनमध्ये जाऊन बघितलं तर पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगतंय, आणि ते रोज तिथून जाणाऱ्या कोणालाही दिसलेलं नाही.

कूलर उतरवला, दोन्हीकडची कव्हरं काढून शेलमध्ये थोडी हवा भरली, ट्यूबांच्या तोंडांवर साबणाचं पाणी मारलं, एका ट्यूबमधून बुडबुडे यायला लागले. तिला दोन्ही टोकांना पितळी टेपर प्लग ठोकले. एखादी ट्यूब बंद झाल्याने कूलिंगला फार फरक पडत नाही. तेल रात्रभर शांत ठेवलं, सकाळी तळाचा ड्रेन कॉक उघडला तर बादल्या भरून पाणी निघालं, मग उरलेल्यासाठी ट्रॉली लावली, यावेळी एलिमेंट टाकून, आणि स्पेअर एलिमेंट मामांच्या कपाटात, स्टोअरमध्ये नाही. पाणी गेल्यावर साधा 10 मायक्रॉनचा टाकून धूळ-चुरा काढला. ट्रॉलीचे होजसुद्धा आत-बाहेर पुसून टोकांना कॅप लावून दिल्या, आधी ते तसेच जमिनीवर लोखंडाच्या चुऱ्यात लोळत होते.

तेल आता मधासारखं दिसतंय म्हणून साहेबांचा मेसेज आलाय. त्यांच्या पर्चेसचाही आलाय, वापरलेले एलिमेंट वॉरंटीत बसतात का विचारतायत.