कॅमेऱ्याचा मोड कधी कोणता? माझा अनुभव

फोटोग्राफी शिकायला घेतली की कुणी ना कुणी सांगतंच, 'खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो.' मॅन्युअल, म्हणजे डायलवरचा एम, त्यात सगळं आपणच ठरवायचं. मला हे अजिबात पटत नाही. नवशिक्याला आधीच इतकं काही नवीन असतं, त्यात हे दडपण कशाला? समोरचा उजेड कसा आहे, विषय हलतोय की स्थिर आहे, हे बघून मोड ठरवावा.

माझा हात बसला तो अॅपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं. छिद्राचा आकार एफच्या आकड्यात सांगतात, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. डायलवर ए, कॅननवर एव्ही. कास पठारावर सीतेची आसवं ही फुलं टिपताना एफ ४ ठेवलं की मागचं गवत धूसर होतं, एफ ११ केलं की आजूबाजूची फुलंही स्पष्ट येतात. आपण एवढंच ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा बघतो. फक्त पठारावरचा वारा विसरायचा नाही. शटर १/६० सेकंदावर उतरलं की फूल हललेलं येतं, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायची, की शटर परत जलद होतं.

मॅन्युअल मला खऱ्या अर्थाने समजलं ते भिगवणला. उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. सकाळी नावेतून जवळ गेलं की समोर गडद पाणी आणि त्यात पांढरा-गुलाबी पक्षी. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर सगळं दृश्य मध्यम करड्याच्या हिशेबाने मोजतं. पाणी काळपट दिसलं की ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, वाढवतं आणि पिसांचा तपशील पार उडतो. कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, उणे ०.७ केलं की पिसं परत दिसू लागतात. इथपर्यंत ए मोड पुरतो.

पण थवा उडाला की पंचाईत. पाण्यावरून पक्षी आकाशात जातो, पार्श्वभूमी उजळ होते, मीटर लगेच एक्स्पोजर कमी करतं आणि पक्षी काळा पडतो. खरं तर पक्ष्यावरचं ऊन तेच असतं, बदललेलं असतं ते मागचं. म्हणून अशा वेळी एम. बसलेल्या पक्ष्याचा एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघायचा, त्याची उजवी म्हणजे उजळ कड कापली जात नाही ना याची खात्री करायची आणि आकडे तिथेच ठेवायचे. स्वच्छ उन्हात माझे आकडे साधारण १/१६००, एफ ५.६ आणि आयएसओ ४०० च्या आसपास असतात. मग थवा कुठेही वळू दे. ऊन-सावलीचा खेळ सुरू झाला तर मात्र एम मध्येच आयएसओ ऑटोवर टाकते. शटर आणि अॅपर्चर आपलं, उजेडाची काळजी कॅमेऱ्याची. माझ्या मते पक्ष्यांसाठी याहून सोयीचं दुसरं काही नाही, आणि हे शिकणाऱ्यांना फार उशिरा सांगितलं जातं.

शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटर आपलं आणि अॅपर्चर कॅमेऱ्याचं, मी गणपतीच्या मिरवणुकीसाठी राखून ठेवते. १/५०० ला ढोलावर आदळणारं टिपरू जागच्या जागी थांबतं. १/३० ला वादकाचा चेहरा जरा स्थिर असला तर तो नीट येतो आणि टिपऱ्याची नुसती रेघ उरते. मला ही रेघच आवडते, तिच्यात ठेका दिसतो.

रात्री रोषणाईखाली मिरवणूक आली की परत एम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर फोटोवर आडवे पट्टे सहसा उमटत नाहीत.